पास्काची पंगत आणि आपले लेखन

ख्रिस्ती मराठी साहित्यात शुभ शुक्रवार जितका लिहिला गेला तितका ईस्टरचा रविवार लिहिला गेला नाही, आणि त्या रविवाराची घरातील दुपार तर जवळजवळ लिहिलीच गेली नाही. क्रूसाच्या वाटेची गीते, दुःखसहनाची कीर्तने, कालवरीवरील कविता यांची आपल्याकडे वाण नाही. पुनरुत्थानाचा विषय निघाला की मात्र लेखणी उगवत्या सूर्याकडे, कोषातून बाहेर पडणाऱ्या फुलपाखराकडे वळते आणि तेथेच थबकते. त्यानंतर वाचक मिस्साहून घरी गेला, चूल पेटली, पाहुणे आले, मुले अंगणात जमली, याविषयी लेखक काही बोलत नाही. ही मोकळी जागा अलीकडे दुसऱ्याच प्रकारच्या लेखनाने व्यापली आहे. 'कुटुंबाने ईस्टर कसा साजरा करावा' हे सांगणारे, इंग्रजी पुस्तकांतून व मासिकांतून थोडेफार बदलून घेतलेले हे मार्गदर्शनपर लेखन होय.

त्याला क्षुल्लक समजून बाजूला सारता येणार नाही, कारण तरुण आईवडिलांच्या मनातील ईस्टरचे चित्र आज तेच घडवीत आहे. अंडी रंगवून लपवावीत, मुलांनी ती शोधावीत, कागदाचे सशाचे कान कापावेत, टेबलावर अमुक रंगाचे कापड अंथरावे, केक व भाजलेले मांस असावे, अशा त्याच्या सूचना असतात. त्यांत वाईट काही नाही. तथापि त्या सूचनांच्या मागे एक घर गृहीत धरलेले आहे. त्या घराला हिरवळीची बाग आहे, स्वयंपाकघरात भट्टी आहे, घरच्या सर्वांना सुट्टी आहे आणि येणारा प्रत्येक पाहुणा ख्रिस्ती आहे. आमच्या कळवण तालुक्यात यांपैकी एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही. मग ते वाचणाऱ्या आईपुढे दोनच वाटा उरतात. उसनवारी करून ते चित्र कसेबसे उभे करायचे, किंवा 'असला ईस्टर आपल्याला परवडणारा नाही' असे मनाशी म्हणून मिस्सानंतर सरळ कांद्याच्या शेतात जायचे. दुसरी वाट मला अधिक चिंतेची वाटते. जो सण घरात पोहोचत नाही तो मुलांच्या स्मरणातही राहत नाही. म्हणून या लेखनाची चिकित्सा करणे अगत्याचे आहे, आणि तिची कसोटी बाहेरून न आणता मूळ कथनातूनच घेतली पाहिजे.

शुभवर्तमानांतील जेवणे

चारही शुभवर्तमानांत पुनरुत्थान घडत असतानाचे वर्णन कोठेही नाही. प्रभू कबरेतून कसा उठला हे एकही लेखक सांगत नाही. दगड सरकलेला आहे, कबर रिकामी आहे, स्त्रिया घाबरलेल्या आहेत, एवढेच आपल्याला कळते. मार्काच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तर कथन सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनापाशी, त्या स्त्रियांच्या भयापाशीच संपते. सर्वांत मोठ्या घटनेच्या बाबतीत लेखकांनी पाळलेला हा संयम कोणत्याही समीक्षकाला विचारात पाडील. नंतर जेथे कथन सविस्तर होते, तेथे बहुधा जेवण येते.

लूकच्या चोविसाव्या अध्यायात दोन शिष्य यरुशलेमहून सुमारे अकरा किलोमीटरवरच्या अम्माऊस गावी निघाले आहेत. वाटेत भेटलेला अनोळखी सोबती त्यांना शास्त्र उलगडून सांगतो. त्यांची अंतःकरणे पेटतात, पण ओळख पटत नाही. सांज होत आली म्हणून ते त्याला मुक्कामाचा आग्रह करतात. पंगतीला बसल्यावर पाहुणाच यजमान होतो, भाकर हाती घेतो, आशीर्वाद मागून ती मोडतो आणि देतो. त्या क्षणी ओळख पटते. उत्तम प्रवचनाने जे झाले नाही ते भाकर मोडण्याने झाले, अशी या कथेची रचना आहे. प्रवचनकारांनी, म्हणजे आम्ही धर्मगुरूंनी, ती नम्रपणे वाचावी. त्याच रात्री यरुशलेमातील शिष्यांना आपण भूत पाहत आहोत असे वाटते, तेव्हा प्रभू खावयास काही आहे काय असे विचारतो आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यादेखत खातो.

योहानाचा एकविसावा अध्याय याहूनही घरगुती आहे. शिष्य रात्रभर जाळे टाकून रित्या हाताने परतत आहेत. किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव फुलला आहे, त्यावर मासळी आहे, शेजारी भाकर आहे. पुनरुत्थित प्रभू स्वतः न्याहारी रांधून वाट पाहत आहे, आणि तरीही शिष्यांनी आत्ता धरलेल्यांपैकी काही मासे तो मागून घेतो. यजमानाने सगळे केले आहे, पण पाहुण्याचा वाटा त्याने नाकारलेला नाही. कोळशाच्या विस्तवासाठी योहानाने वापरलेला ग्रीक शब्द नव्या करारात दोनच ठिकाणी येतो: येथे, आणि प्रमुख याजकाच्या वाड्यातील अंगणात, जेथे शेकत उभ्या असलेल्या पेत्राने प्रभूला नाकारले. ज्या विस्तवापाशी नाते तुटले तशाच विस्तवापाशी ते पुन्हा जोडले जाते, आणि आधी न्याहारी होते, मग पेत्राला प्रश्न विचारले जातात. भावंडांतील अबोला घेऊन ईस्टरला एकत्र येणाऱ्या कुटुंबांनी हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

याच संदर्भात मार्काच्या पाचव्या अध्यायातील याईराच्या कन्येचे स्मरण होते. बारा वर्षांची मृत मुलगी उठून चालू लागते, भोवतालचे लोक थक्क होऊन उभे राहतात, आणि प्रभू सांगतो की हिला काही खायला द्या. जिवंत झालेल्या लेकराला भूक लागते, हे त्या गर्दीत त्याच्या एकट्याच्याच ध्यानात आले. ईस्टरच्या दिवशी मुलांना जेवू घालणे या गोष्टीला यापेक्षा थोर आधार कोणता हवा?

अंडे, ससा आणि लपवलेली भाकर

आता मार्गदर्शनपर लेखनातील साहित्याकडे वळू. त्यातील सर्वच परके आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. मध्ययुगीन युरोपात उपवासकाळात अंडी वर्ज्य असत. कोंबड्यांना मात्र उपवास ठाऊक नसल्याने ईस्टरपर्यंत घराघरांत अंडी साठत. ती चर्चमध्ये आणून त्यांवर आशीर्वाद मागण्याची रीत पडली, आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथात पास्काचे कोकरू व भाकर यांबरोबर अंड्यांच्या आशीर्वादाची प्रार्थनाही समाविष्ट झाली. तेव्हा अंडे हे खऱ्याखुऱ्या उपवासाचे फळ होते. सशाची गोष्ट निराळी. अंडी आणणाऱ्या सशाचा उल्लेख एका जर्मन वैद्याने १६८२ मध्ये लिहिलेल्या प्रबंधात आढळतो. जर्मन स्थलांतरितांनी ही कल्पना अमेरिकेत नेली. चॉकलेटचे अंडे तर त्याहून अर्वाचीन आहे. ब्रिस्टॉलच्या फ्राय कंपनीने ते १८७३ मध्ये बाजारात आणले आणि कॅडबरीने १८७५ मध्ये. ज्या घरात चाळीस दिवस काहीच सोडलेले नाही, त्या घरात अंड्याचा अर्थ उरत नाही, फक्त गोडवा उरतो. माझा आक्षेप अंड्याला नसून, त्यामागची ही गोष्ट गाळून केवळ कृती देणाऱ्या लेखनाला आहे.

मुलांचा सहभाग ही कल्पना मात्र आधुनिक बालसंगोपनाच्या पुस्तकांतून आलेली नाही. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात पास्काचे नियम देताना दोन गोष्टी सांगितल्या आहेत. कुटुंब लहान असून कोकरू संपणार नसेल तर शेजारच्या घराला सामील करून घ्यावे. आणि मुले या विधीचा अर्थ विचारतील तेव्हा त्यांना सुटकेची कथा सांगावी. यहुदी घरांत आजही पास्काच्या रात्री सर्वांत लहान मूल प्रश्न विचारते आणि मग कथनाला आरंभ होतो. त्या रात्रीच्या ग्रंथाचे 'हग्गादा' हे नावच मुळी 'सांगणे' या अर्थाचे आहे. त्याच भोजनात बेखमीर भाकरीचा एक तुकडा लपवून ठेवतात, मुले तो शोधतात, आणि तो सापडून वाटला गेल्याखेरीज भोजन पुरे होत नाही. म्हणजे लपवणे व शोधणे हा खेळही पास्काच्या घरात आहेच. फरक इतकाच की तेथे सापडलेली वस्तू सर्वांत वाटून खायची असते. अंडी शोधण्याच्या खेळात ज्याला अधिक सापडली तो जिंकतो. या फरकाकडे आपल्या मार्गदर्शकांचे लक्ष गेलेले दिसत नाही.

मराठी परंपरा काय सांगते

आपल्या भाषेतील ख्रिस्ती लेखनाचा आरंभ मात्र श्रोत्याच्या घरगुती गरजेतून झाला. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'ची पहिली आवृत्ती १६१६ मध्ये साष्टीतील रायतूर येथे छापली गेली. ग्रंथाच्या प्रारंभी एक नवख्रिस्ती श्रोता पाद्री गुरूला विनवतो की जुनी पुराणे सुटली, आता त्यांच्या जागी वाचण्या-ऐकण्यासाठी आम्हांला काही द्या. धर्मशिक्षण तर त्याला मिळतच होते. त्याला उणीव भासत होती ती मोकळ्या वेळी आपल्या माणसांत बसून ऐकण्याच्या कथेची. स्टीफन्सनी ती उणीव ओळखली आणि ओवीबद्ध महाग्रंथ रचला. ईस्टरच्या दुपारी आपल्या घरात नेमकी तीच उणीव आज पुन्हा भासते आहे.

प्रॉटेस्टंट बंधुभगिनींच्या लेखनातही घर आले ते महत्त्वाच्या जागी. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) ही मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते, आणि तिचा विषय घराघरांत कोंडलेल्या विधवांचे दुःख हा आहे. आमच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या कन्या लक्ष्मीबाई टिळक यांनी 'स्मृतिचित्रे' मध्ये आपल्या धर्मांतराची जी कथा सांगितली ती तर्कशास्त्राच्या वाटेने जात नाही, स्वयंपाकघरातून जाते. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधल्या वर्षांत कोणाच्या हातचे पाणी प्यावे, कोणाचे शिवलेले खावे, चूल कोठे मांडावी, या प्रश्नांतून त्या हळूहळू एका मोठ्या पंगतीपर्यंत आल्या. तो प्रवास त्यांनी इतक्या मिस्कील व निर्मळ भाषेत लिहिला की आपला पंथ वेगळा असूनही तो आपला वाटतो. ख्रिस्ती श्रद्धा मराठी घरात कशी शिरते हे दाखवणारे याहून चांगले गद्य माझ्या वाचनात नाही. ईस्टरच्या घराला मात्र असा लेखक अजून लाभलेला नाही.

कळवणचा ईस्टर

आपला लेखक घराकडे पाहील तर त्याला काय दिसेल? वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार तो ईस्टर, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे आणि संपातासाठी २१ मार्च ही तारीख धरली जाते. त्यामुळे ही पौर्णिमा पुष्कळदा आपल्या चैत्राचीच असते. २०२२ मध्ये हनुमान जयंती १६ एप्रिलला होती व ईस्टर १७ एप्रिलला, तर २०२३ मध्ये त्या तारखा ६ व ९ एप्रिल अशा होत्या. क्वचित २०२४ प्रमाणे ईस्टर फाल्गुनी पौर्णिमेला धरून मार्चमध्येच येतो. पण बहुधा आपला पवित्र सप्ताह आणि सप्तशृंग गडावरील चैत्रोत्सव एकमेकांच्या आगेमागे असतात. खानदेशातून पायी येणाऱ्या यात्रेकरूंनी रस्ते फुललेले असतात. आमच्या अनेक कुटुंबांचे मामा, आत्या, व्याही गडावर जाणाऱ्यांत असतात. एकाच घरातून कोणी पास्का-जागरणाला जातो, कोणी नांदुरीची वाट धरतो. याच दिवसांत उन्हाळ कांद्याची काढणी चालू असते, मोहाची फुले वेचायची असतात, घरोघरी पापड-कुरडयांचे पीठ मळले जाते, आणि काही कुटुंबे मजुरीसाठी बाहेरगावी असतात. परदेशी सूचनापुस्तकातले घर आणि हे घर यांतले अंतर लेखकाने पाहिलेच पाहिजे.

मग या घरी पंगत कशी व्हावी? पहिला प्रश्न येतो बोलावण्याचा. इतर धर्माच्या नातलगांना ईस्टरला बोलवावे की नाही, असे मला दरवर्षी विचारले जाते. निर्गमातील शेजारी आणि अम्माऊसचा अनोळखी वाटसरू यांनी त्याचे उत्तर दिलेले आहे. गडावरून उतरलेल्या आत्याबाईंना आग्रहाने थांबवून घ्यावे, पाणी द्यावे, पानावर बसवावे. त्यांना काही पटवून देण्याची घाई करू नये. त्या घरात मूल प्रश्न विचारील आणि आजोबा उत्तर देतील, ते त्याही ऐकतील. तेवढे पुरे.

दुसरा प्रश्न ताटाचा. योहानाच्या किनाऱ्यावर रोजचीच भाकर होती आणि त्याच सरोवरातील मासळी होती. तेव्हा आमच्या पानावर नागलीची भाकरी, उडदाची डाळ, घरच्या कोंबडीचा रस्सा, नव्या कैरीची फोड असेल तर ईस्टर उणा होत नाही. चणकापूरच्या पाण्यात जाळे टाकणाऱ्याला तर योहानाचा तो अध्याय आम्हां धर्मगुरूंपेक्षा अधिक समजेल. पाहुण्याने आणलेला पावशेर गूळही पानात पडावा, कारण आणलेल्या माशांना प्रभूने नको म्हटले नाही.

तिसरा प्रश्न अधिक कठीण आहे आणि मार्गदर्शनपर लेखन त्याला शिवतही नाही. पुनरुत्थानाची पहिली वार्ता स्त्रियांना मिळाली. आपल्या घरांत मात्र त्या दिवशी स्त्रिया पहाटेपासून चुलीपाशी असतात, सर्वांची पाने उठल्यावर जेवतात, आणि कथा-गाणी चालू असतात तेव्हा भांडी घासत असतात. पुरुषांची बैठक वेगळी बसते आणि तिच्यात काही ठिकाणी बाटलीही येते. किनाऱ्यावर विस्तव कोणी पेटवला, वाढले कोणी, हे ज्याने लक्षपूर्वक वाचले आहे त्याने एक दिवस तरी वाढप हाती घ्यावे आणि घरच्या स्त्रियांना पहिल्या पंगतीला बसवावे. असे न होता झालेला मेळावा कितीही सजलेला असो, तो शुभवर्तमानाचे चुकीचे वाचन होय.

चौथा प्रश्न मुलांचा. आमच्या डोंगराळ पट्ट्यातील आणि शेजारच्या डांगातील कोकणा समाजात थाळीवर कथा सांगण्याची जुनी परंपरा आहे. काशाच्या थाळीच्या मध्यभागी मेणाने एक बारीक काडी उभी चिकटवतात. तिच्यावरून बोटे खाली ओढली की थाळीतून सलग नाद घुमतो, आणि त्या नादावर कथेकरी रात्र-रात्र कथा लावतो. धान्याची माता कणसरी हिची कथा त्यांपैकीच. मी तो विधी उचलून चर्चमध्ये आणा असे सुचवीत नाही, कारण ज्याची परंपरा त्याच्याकडे तिचा मान राहावा. पण जेथे अन्न वाढतात त्याच भांड्यातून कथेचा नाद काढणाऱ्या लोकांच्या मुलांना पास्का समजावण्यासाठी कागदी सशाची गरज पडावी, हे मला पटत नाही. त्यांचे कान कथेसाठी तयार आहेत, आपण सांगणारे तयार केलेले नाहीत.

मुलांसाठी काही करायचेच असेल तर ते कथेला जोडलेले असावे. झावळ्यांच्या रविवारी परातीत माती घेऊन गहू पेरावा. दाणा मातीत पडून मरतो आणि पीक देतो हा योहानातील दृष्टान्त आठवड्याभरात हिरवा होऊन डोळ्यांसमोर येतो. दिवाळीत किल्ला बांधणाऱ्या हातांनी त्याच परातीत मातीची कबर करावी, तोंडाशी गिरणेतला गोल धोंडा लावावा, आणि ईस्टरच्या पहाटे सर्वांत लहान मुलाने तो सरकवावा. अंडी लपवायची असतील तर खुशाल लपवावीत, पण सापडलेली सारी एका टोपलीत जमा करून, मोजून, आलेल्या प्रत्येकाला वाटावीत, आणि मजुरीला गेलेल्या शेजाऱ्याच्या मुलांचा वाटा बाजूला काढावा. पाने मांडली की लहानाने विचारावे, 'आज आपण का जमलो?' उत्तर घरातील सर्वांत वडील माणसाने द्यावे. त्याला लिहितावाचता येत नसले तरी बिघडत नाही. त्याने शुभवर्तमानातील कथा सांगावी आणि तिच्याच ओघात आपल्या घरात ही श्रद्धा कशी आली, कोणी आणली, तेव्हा काय सोसले, हेही सांगावे. ही कथा छापील सूचनापुस्तकात मिळणारी नाही, आणि ती जाणणारी माणसे आपल्यातून एकेक करून जात आहेत.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या संविधानात कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा म्हटले. हे वाक्य आम्ही व्यासपीठावरून पुष्कळदा उच्चारतो. त्याचा अर्थ पाहावयाचा असेल तर ईस्टरच्या दुपारी घरात जावे लागेल. लेखकांना माझी विनंती एवढीच की त्यांनीही तेथे जावे, फुलपाखराला काही काळ विश्रांती द्यावी, आणि पंगतीत कोण कोठे बसले, कोण उशिरा आले, मुलाने काय विचारले, आजीला उत्तर देताना कोठे थांबावे लागले, हे लिहावे. आपल्या त्रैमासिकाच्या पुढील ईस्टर अंकासाठी असे लेखन आले, मग ते कांदा काढून थकलेल्या हाताने वहीच्या पानावर लिहिलेले का असेना, तर चारशे वर्षांपूर्वी साष्टीच्या त्या श्रोत्याने केलेल्या मागणीला आपणही आपल्या परीने थोडे उत्तर दिले असे होईल.